वापरलेल्या गाडीची वाढीव वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होत नसेल, तर अडथळा कुठे शोधावा

वापरलेली गाडी घेतली, नोंदणी प्रमाणपत्रावर नाव बदलले, विमा नव्या नावाने सुरू झाला आणि पहिल्या मालकाने पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीचे कागदही किल्ल्यांसोबत हातात आले. तरीही काही महिन्यांनी गिअरबॉक्स किंवा एसीचा कॉम्प्रेसर बिघडतो, तेव्हा सर्व्हिस सेंटरमधून उत्तर मिळते की ही वॉरंटी तुमच्या नावावर नाही, किंवा ती आमच्या संगणकावर दिसतच नाही. हा अनुभव इतक्या जणांना येतो की एखाद्या कर्मचाऱ्याची चूक म्हणून तो सोडून देता येत नाही. त्याचे मूळ एका समजुतीत आहे. गाडी नावावर झाली म्हणजे गाडीसोबतचे सगळेच नावावर झाले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नोंदणी ही गाडीच्या मालकीची नोंद असते, तर वाढीव वॉरंटी हा पैसे भरणारा आणि हमी देणारा यांच्यातला करार असतो. गाडी विकल्याने मालक बदलतो. करारातला पक्ष आपोआप बदलत नाही. तो बदलण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला वेगळी मुदत असते आणि बहुतेक वेळा वेगळे शुल्कही असते.

नकाराचे शब्द जवळजवळ सारखेच असले तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये वाद घालण्याआधी, ‘वॉरंटी लागू नाही’ याचा नेमका अर्थ काय, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. मुदत संपली, नाव जुळत नाही, चासी क्रमांक जुळत नाही, सर्व्हिस चुकली, की बिघडलेला भाग योजनेतच नाही, यांपैकी कोणते कारण आहे हे कळल्याशिवाय केलेली धावपळ बहुधा वाया जाते.

हमी नेमकी कोणाची आहे

कागदावर गाडीच्या कंपनीचे बोधचिन्ह दिसले की हमी कंपनीचीच आहे असे वाटते, पण ते पुरेसे नाही. वापरलेल्या गाडीबरोबर चार प्रकारच्या हमी येऊ शकतात. पहिली उत्पादकाची मूळ वॉरंटी, जी गाडीच्या किमतीतच धरलेली असते. दुसरी उत्पादकानेच जादा पैसे घेऊन दिलेली वाढीव वॉरंटी. तिसरी एखाद्या स्वतंत्र कंपनीची सेवा-करारासारखी योजना, जी विक्रेत्याने फक्त विकलेली असते आणि जिच्यामागे कधी कधी विमा कंपनी उभी असते. चौथी, जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर दिलेली मर्यादित हमी. नावबदलाचे नियम या चारही ठिकाणी वेगळे असतात.

मूळ वॉरंटी साधारणपणे गाडीबरोबर जाते आणि तिच्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. मात्र ‘साधारणपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेत ह्युंदाई आपल्या गाड्यांच्या इंजिन आणि गिअरबॉक्सवर 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांची हमी देते. ती पहिल्या मालकापुरती असते आणि दुसऱ्या मालकाकडे गाडी गेली की त्याच भागांसाठी 5 वर्षे किंवा 60,000 मैल एवढीच मर्यादा उरते. म्हणजे हमी संपत नाही, पण आखडते. अशी अट एखाद्या उत्पादकाने घातली असेल तर जाहिरातीतला मोठा आकडा नव्या मालकाच्या काही कामाचा नसतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीची हमीही वेगळीच मोजली जाते. 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर ही अनेक उत्पादकांची मर्यादा आहे. वाढीव वॉरंटीचा अर्ज फेटाळला गेला म्हणून बॅटरीची हमीही गेली, असे मानून बसू नये.

वाढीव वॉरंटीच्या कागदात तीन नावे शोधावीत: योजना विकणाऱ्याचे, दावे हाताळणाऱ्याचे आणि प्रत्यक्ष पैसे देण्याची जबाबदारी घेणाऱ्याचे. ही तिन्ही नावे एकच असू शकतात, पण बऱ्याच वेळा ती वेगळी असतात. नावबदलाचा अर्ज ज्याच्याकडे करायचा त्याचा पत्ता सामान्यतः ‘हस्तांतर’ या कलमातच दिलेला असतो. गाडी जिथून घेतली तिथल्या माणसाच्या हातात अर्ज दिला म्हणजे तो योग्य ठिकाणी पोहोचला, असे समजणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

शिल्लक काही आहे का, हे आधी पाहावे

नावबदलासाठी शुल्क भरण्यापूर्वी, जे नावावर करायचे आहे ते अजून जिवंत आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. येथे दोन ठिकाणी हिशेब चुकतो.

एक म्हणजे सुरुवातीची तारीख. वॉरंटीची गणना गाडी बनल्याच्या वर्षापासून होत नाही, आणि तुम्ही ती विकत घेतल्या दिवसापासूनही होत नाही. ती गाडी पहिल्या ग्राहकाच्या ताब्यात गेली त्या दिवसापासून होते. गाडी आधी शोरूममध्ये चाचणीसाठी वापरली गेली असेल, तर अनेक उत्पादक तो वापर सुरू झाल्याची तारीख धरतात, त्यामुळे पहिल्या ग्राहकालाच काही महिने कमी मिळालेले असतात. दुसरे म्हणजे ‘पाच वर्षांची वाढीव वॉरंटी’ या शब्दांचा अर्थ. काही करारांत याचा अर्थ मूळ वॉरंटी धरून एकूण पाच वर्षे असा असतो, तर काहींत मूळ वॉरंटी संपल्यानंतरची पाच वर्षे असा असतो. उदाहरणार्थ, गाडी 10 मार्च 2021 रोजी पहिल्या मालकाला मिळाली आणि मूळ वॉरंटी तीन वर्षांची असेल, तर पहिल्या पद्धतीने संरक्षण 9 मार्च 2026 रोजी संपते आणि दुसऱ्या पद्धतीने 9 मार्च 2029 रोजी. एकाच वाक्याच्या दोन अर्थांत तीन वर्षांचे अंतर पडते. म्हणून वर्षांची संख्या विचारू नये. शेवटची तारीख आणि शेवटचा किलोमीटर विचारावा. यांपैकी जे आधी गाठले जाईल तिथे वॉरंटी संपते, आणि वापरलेल्या गाडीत किलोमीटरची मर्यादा पुष्कळदा तारखेच्या कितीतरी आधी येते.

याशिवाय करार आधीच रद्द झालेला असू शकतो. पहिल्या मालकाने गाडी विकायला काढल्यावर वॉरंटी रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे परत घेतले असतील, किंवा वॉरंटीची रक्कम हप्त्यांनी भरायची होती आणि हप्ते थांबले असतील, तरी कागद मात्र घरात तसाच राहतो आणि तोच सद्भावनेने तुमच्या हाती येतो. काही योजनांत एकूण दाव्यांची कमाल रक्कम ठरलेली असते आणि आधीच्या मोठ्या दुरुस्तीत ती बरीचशी संपलेली असते. या तिन्ही गोष्टी हमी देणाऱ्या कंपनीला चासी क्रमांक सांगून विचारता येतात. कंपनी मालकाखेरीज इतरांना माहिती देत नसेल, तर विक्रेत्यालाच समोर बसवून फोन करायला सांगावे. गाडीचे पैसे देण्याआधी त्याला ते सहज जमते, नंतर तोच फोन दुर्मिळ होतो.

‘हस्तांतराची मुदत उलटून गेली’

नकाराचे हे कारण फार वेळा ऐकू येते. गाडी विकल्यापासून 30 दिवसांच्या आत अर्ज करावा, अशी अट अनेक करारांत असते. काहींत मुदत याहून कमी, तर काहींत जास्त असते. खरा घोळ दिवसांच्या संख्येपेक्षा मोजणीच्या सुरुवातीत होतो. खरेदीदार नोंदणी प्रमाणपत्रावर आपले नाव येण्याची वाट पाहतो, त्यात काही आठवडे जातात, आणि मग तो नवे प्रमाणपत्र जोडून अर्ज करतो. करारातली मुदत मात्र विक्रीच्या किंवा ताबा मिळाल्याच्या दिवसापासून चालू झालेली असते. म्हणून नोंदणीची वाट न पाहता विक्रीचा करार, ताबा पावती आणि नोंदणीच्या अर्जाची पोच जोडून अर्ज आधीच करावा, आणि ‘नवे प्रमाणपत्र मिळताच सादर करण्यात येईल’ असे त्यात लिहावे. कंपनीने कागद अपुरे म्हणून अर्ज थांबवला तरी तो मुदतीत आल्याची नोंद राहते, आणि पुढे सगळे त्या नोंदीवर अवलंबून असते.

मुदत खरोखरच उलटली असेल, तर विलंबाचे कारण सांगून विशेष परवानगी मागता येते. काही कंपन्या गाडीची तपासणी करून आणि जादा शुल्क घेऊन अशा अर्जाचा विचार करतात, काही करत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे, पण विचारण्यात काही जात नाही. मात्र या टप्प्यावर अनेकांना एक सल्ला मिळतो, की विक्रीच्या कागदावर नंतरची तारीख टाका म्हणजे प्रश्न मिटेल. तो सल्ला कधीही ऐकू नये. विमा, नोंदणी आणि पैशांचा व्यवहार या तिन्ही ठिकाणी खरी तारीख आधीच उमटलेली असते. मोठा दावा आला की कंपनी हे कागद मागते, आणि खोटी तारीख उघड झाल्यावर केवळ तो दावाच जात नाही तर संपूर्ण करार रद्द होण्यास कारण मिळते.

मधल्या व्यापाऱ्यामुळे तुटलेली साखळी

गाडी थेट पहिल्या मालकाकडून घेतली असेल तर दोघांच्या सह्या सहज मिळतात. परंतु गाडी व्यापाऱ्यामार्फत आली असेल, तर करारातली दोन वाक्ये फार काळजीपूर्वक वाचावी लागतात. हस्तांतर एकदाच होईल, असे पुष्कळ करारांत लिहिलेले असते. ते एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडेच होईल, व्यापाऱ्याकडे गाडी गेल्यास वॉरंटी संपेल, असेही काहींत असते. त्यामुळे व्यापाऱ्याने गाडी आधी स्वतःच्या नावावर विकत घेतली होती, की तो केवळ मध्यस्थ होता आणि विक्रीचा कागद पहिल्या मालकाने थेट तुमच्या नावे केला, या एका गोष्टीवर अर्जाचा निकाल ठरू शकतो. व्यापारी तोंडाने काय सांगतो ते येथे मोजले जात नाही. विक्रीच्या कागदावर कोणाची सही आहे तेच पाहिले जाते.

पहिला मालक सापडत नाही किंवा फोन उचलत नाही, अशी स्थिती असेल तर त्याचा पत्ता कंपनीकडे मागण्यात वेळ घालवू नये, कारण कोणतीही जबाबदार कंपनी तो देणार नाही. त्याऐवजी सहीसाठीचा अर्ज कंपनीनेच आपल्या नोंदीतल्या पत्त्यावर पाठवावा, अशी विनंती करावी. सही करण्यात त्याचे काही नुकसान नाही, आणि गाडीबाबतचे पुढचे फोन आणि सूचना त्याच्याकडे येणे थांबते, हे त्या पत्रात सांगितले तर सही लवकर मिळण्याची शक्यता वाढते.

एका अक्षराची चूक

या कारणावर मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण माझा स्वतःचा दावा याच ठिकाणी अडकला होता. मी गाडी घेतली, अर्ज पाचव्या दिवशी दिला, शुल्क भरले, पावती घेतली आणि निश्चिंत झालो. आठ महिन्यांनी स्टिअरिंगची मोटर बिघडली, तेव्हा माझ्या नावाने कोणतीही वॉरंटी नाही असे सांगण्यात आले. दोन आठवडे पत्रव्यवहार केल्यावर कळले की माझा अर्ज नोंदवला गेला होता, पण चासी क्रमांकात 8 च्या जागी ‘बी’ लिहिला गेल्यामुळे तो कोणत्याच गाडीला जोडला गेला नव्हता. अर्ज भरणारा मी नव्हतो, तरी सही माझी होती, आणि सही करताना मी तो क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला नव्हता. अर्जाची तारीख असलेली शिक्क्याची पोच माझ्याजवळ होती, म्हणून दुरुस्ती मूळ तारखेपासून मान्य झाली. ती पोच नसती तर मुदत उलटल्याचे कारण पुढे आले असते आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आजच्या गाड्यांचा चासी क्रमांक आयएसओ 3779 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 17 स्थानांचा असतो आणि त्यात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ व ‘क्यू’ ही अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती 1 आणि 0 या अंकांशी गोंधळतात. त्यामुळे अर्जावर ‘ओ’ लिहिलेला दिसला तर तो निश्चितच शून्य आहे, आणि 16 किंवा 18 स्थाने भरली तर काहीतरी चुकले आहे, हे गाडी न पाहताही सांगता येते. 8 आणि ‘बी’, 5 आणि ‘एस’, 2 आणि ‘झेड’ या जोड्यांना मात्र असे संरक्षण नाही. तिथे डोळ्यांनीच ताडून पाहावे लागते. क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरून उतरवू नये, कारण तिथेही टंकलेखनाची चूक असू शकते. गाडीवर कोरलेल्या किंवा पट्टीवर छापलेल्या क्रमांकाचे छायाचित्र काढून त्यावरून उतरवावा. गाडीवरचा आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक वेगळा निघाला तर वॉरंटीचा विषय बाजूला ठेवून आधी नोंदणीची दुरुस्ती करून घ्यावी.

नावाच्या बाबतीतही असेच घडते. विक्रीच्या कागदावर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी आणि अर्जावर केवळ आद्याक्षरे असतील, तर ती तीन वेगळी माणसे मानली जाऊ शकतात.

सर्व्हिसचा इतिहास आणि ओडोमीटर

वाढीव वॉरंटी नव्या नावावर करताना कंपनी गाडीची देखभाल वेळेवर झाली होती का, हे पाहते. सर्व्हिस ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक महिने यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायची असते, आणि कमी चालवलेल्या गाडीत नेमकी महिन्यांची अट चुकते. ‘गाडी वर्षात चार हजार किलोमीटरच चालली, मग सर्व्हिस कशाला’ असा विचार पहिल्या मालकाने प्रामाणिकपणे केलेला असतो, पण इंजिन ऑइल न चालवताही जुने होते आणि करार त्याच आधारावर लिहिलेला असतो.

सर्व्हिस पुस्तिकेवर शिक्का नाही म्हणजे सर्व्हिस झालीच नाही, असे नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काम झाले असेल तर त्याची नोंद चासी क्रमांकाखाली संगणकात असते आणि जॉब कार्डाची प्रत काढून मिळते. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम झाले असेल तर बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलची श्रेणी आणि बदललेल्या फिल्टरचा उल्लेख असला पाहिजे. ‘सर्व्हिस केली’ एवढ्या दोन शब्दांच्या बिलाला फारसा अर्थ नसतो. असे बिल चालेल की नाही हे करारात स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते गाडी घेण्याआधीच वाचून ठेवावे.

एखादी सर्व्हिस खरोखरच चुकली असेल तर ती मागे जाऊन भरून काढता येत नाही. तरीही सगळे संपले असे नसते. चुकलेल्या कामाचा आणि बिघाडाचा संबंध आहे का, हा प्रश्न लेखी विचारावा. ब्रेक ऑइल वेळेवर बदलले नव्हते या कारणावरून दाराच्या काचेच्या मोटरचा दावा नाकारला जात असेल, तर ‘चुकलेल्या देखभालीमुळे झालेले बिघाड वगळले आहेत’ असे कलम आहे की ‘देखभाल चुकल्यास करार रद्द होईल’ असे, हे शब्दशः पाहावे. पहिल्या शब्दरचनेत तुमची बाजू मजबूत आहे, दुसऱ्यात नाही.

ओडोमीटरचा आकडा आधीच्या नोंदीपेक्षा कमी दिसला तर अर्ज लगेच थांबवला जातो. त्यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. मीटरचा संपूर्ण संच बदलला असेल तर आकडा शून्यापासून किंवा भलत्याच ठिकाणापासून सुरू झालेला असतो. त्या बदलाचे जॉब कार्ड, ज्यावर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा लिहिलेला आहे, हाच त्याचा पुरावा. आयात केलेल्या गाडीत मैल आणि किलोमीटर यांची गल्लत होते. 60,000 मैल म्हणजे सुमारे 96,560 किलोमीटर. या दोन्ही कारणांपैकी एकही लागू नसताना आकडा मागे गेलेला असेल, तर प्रश्न वॉरंटीचा राहत नाही. तो विक्रेत्याकडून झालेल्या फसवणुकीचा आहे आणि त्याच पातळीवर तो हाताळला पाहिजे.

गाडीत नंतर बसवलेले गॅस किट, इंजिनच्या संगणकात केलेले बदल, मापाबाहेरचे टायर किंवा भाड्याने केलेला वापर यांमुळेही हस्तांतर नाकारले जाते. यात जुन्या मालकाचा वापर जसा पाहिला जातो तसा नव्या मालकाचाही पाहिला जातो. घरगुती वापरासाठी घेतलेली वॉरंटी असलेली गाडी तुम्ही प्रवासी वाहतुकीला लावणार असाल तर ती वॉरंटी विसरावी.

अर्ज मंजूर, पण संगणकावर जुनेच नाव

सगळे नियमाप्रमाणे झाले तरी शेवटचा टप्पा राहून जातो. अर्ज मंजूर होणे आणि सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर नवे नाव दिसणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये एखाद्या माणसाने माहिती भरायची असते. म्हणून शुल्काच्या पावतीवर समाधान मानू नये. पावती पैसे मिळाल्याचे सांगते. करार बदलल्याचे सांगत नाही. कंपनीकडून लेखी पुष्टी घ्यावी आणि तीत नव्या मालकाचे नाव, चासी क्रमांक, योजनेचे नाव, शेवटची तारीख, शेवटचा किलोमीटर आणि प्रत्येक दाव्यात स्वतः भरायची रक्कम असेल तर ती, एवढ्या गोष्टी आहेत का ते पाहावे. मग पुढच्या साध्या सर्व्हिसच्या वेळी, शक्यतो अर्ज जिथे दिला होता त्यापेक्षा वेगळ्या सर्व्हिस सेंटरमध्ये, चासी क्रमांकावरून वॉरंटी पाहायला सांगावी. बिघाड नसताना ही पाच मिनिटांची विचारणा असते. बिघाड झाल्यावर तिला आठवडे लागतात.

पुष्टी दहा-पंधरा दिवसांत आली नाही तर पुढील मजकुराचे पत्र किंवा ईमेल पाठवावा: ‘सदर चासी क्रमांकाची गाडी मी अमुक तारखेस खरेदी केली असून तिच्या वाढीव वॉरंटीच्या हस्तांतराचा अर्ज अमुक तारखेस शुल्कासह सादर केला आहे. पोच सोबत जोडली आहे. हस्तांतर पूर्ण झाले असल्यास नव्या मालकाच्या नावासह लेखी पुष्टी द्यावी. झाले नसल्यास कोणता कागद किंवा माहिती अपुरी आहे ते करारातील संबंधित कलमासह कळवावे.’ यात राग व्यक्त केलेला नाही, धमकी नाही, आणि उत्तर टाळायला जागाही नाही.

हस्तांतर चालू असतानाच बिघाड झाला तर

ही सर्वांत नाजूक स्थिती आहे. गाडी जुन्या मालकाचीच आहे असे भासवून दुरुस्ती करून घेण्याचा मोह येथे होतो, आणि सर्व्हिस सेंटरमधले एखादे भले माणूसही तसे सुचवू शकते. ते करू नये. मालकीची तारीख सहज कळते आणि चालू असलेला अर्जही त्यात बुडतो. बिघाड झाल्या दिवशीच कंपनीला लेखी कळवावे, अर्जाचा संदर्भ द्यावा आणि पूर्वपरवानगी मिळेपर्यंत इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडू देऊ नये, कारण परवानगीआधी भाग सुटे केले तर बिघाडाचे मूळ कारण तपासता आले नाही या मुद्द्यावर दावा नाकारला जातो. गाडी तातडीने हवी असेल आणि खर्च स्वतः करावा लागला, तर तपशीलवार बिल घ्यावे, बदललेले भाग जपून ठेवावेत आणि परतावा मागण्याचा हक्क राखून पैसे भरत आहोत असे लिहून द्यावे. हस्तांतरापूर्वी अस्तित्वात असलेले दोष काही करारांत वगळलेले असतात; गाडी ताब्यात घेताना केलेल्या तपासणीचा अहवाल असेल तर दोष नंतर उद्भवला हे दाखवता येते.

नाव बदलणे शक्यच नसेल तर

काही करार हस्तांतराला मुळीच परवानगी देत नाहीत. असे असेल तर ते गाडीची किंमत ठरण्याआधी कळले पाहिजे, कारण मग विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत ‘वॉरंटीसह’ या शब्दाला मोल उरत नाही. अशा वेळी विक्रेत्याने करार रद्द करून उरलेल्या काळाचा परतावा घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी, ही दोघांनाही न्याय्य ठरणारी वाट आहे. वॉरंटीचे पैसे गाडीच्या कर्जात मिळवलेले असतील तर परतावा आधी कर्ज देणाऱ्याकडे जाऊ शकतो, हे विक्रेत्याने लक्षात ठेवावे. हस्तांतर शक्य असेल, तर ‘विक्रेता हस्तांतराच्या अर्जावर सही करील आणि सर्व्हिसची बिले देईल, शुल्क अमुक भरेल’ हे वाक्य विक्रीच्या करारातच घालावे आणि अर्जावरची सही पैसे देण्याच्या बैठकीतच घ्यावी.

नकार अन्यायकारक वाटत असेल तर कलमाच्या क्रमांकासह लेखी नकार मागून घ्यावा, त्यावर कंपनीच्या तक्रार विभागाकडे अपील करावे, आणि तिथे दाद मिळाली नाही तरच ग्राहक न्याययंत्रणेकडे जावे. हमीमागे विमा कंपनी असेल तर विम्याच्या तक्रारींसाठी असलेल्या यंत्रणेकडेही जाता येते का ते पाहावे. प्रत्येक पायरीला स्वतःची मुदत असते. ती सहसा लेखी नकाराच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून नकाराचे पत्र ज्या पाकिटातून किंवा ईमेलमधून आले तेही पत्रासोबत जपून ठेवावे.